बिवळ्याचा पेला आणि दीड मिनिटाचे विष

१/
बिवळ्याच्या लाकडातून कोरलेला पेला आज अनेक घरांत आढळतो. रात्री त्यात पाणी भरून ठेवतात. सकाळपर्यंत पाणी तांबूस-पिंगट होते आणि उजेडात धरले की त्यावर निळसर झाक दिसते. मधुमेही माणूस ते अनशापोटी पितो. विकणारा सांगतो, की या पाण्याने स्वादुपिंडातील मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होतात आणि हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. हे विधान निव्वळ थाप नाही. त्यामागे खरे संशोधक, खरे प्रयोग आणि जगप्रसिद्ध नियतकालिकांतील शोधनिबंध आहेत. तरीही ते विधान जसेच्या तसे खरे नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसे शक्य झाले, त्याचा हा इतिहास.

२/
प्रथम झाडाविषयी. कोकणात बिवळा किंवा बिबळा, विदर्भाच्या जंगलांत बिजा, संस्कृतात असन आणि बीजक, औषधांच्या दुकानात विजयसार. वनस्पतिशास्त्रातील नाव टेरोकार्पस मार्सुपियम. सालीवर घाव घातला की रक्तासारखा लाल डिंक पाझरतो. ब्रिटिश काळात हाच डिंक ‘मलबार किनो’ या नावाने स्तंभक औषध म्हणून युरोपात जात असे. सुश्रुतसंहितेतील सालसारादि गणात आणि अष्टांगहृदयातील असनादि गणात या झाडाचा समावेश आहे. दोन्ही गण प्रमेहावर सांगितलेले आहेत.

३/
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रमेह म्हणजे आजचा मधुमेह असे सरळ समीकरण मांडता येत नाही. प्राचीन वैद्यकाने प्रमेहाचे वीस प्रकार मानले आणि मधुमेह हा त्यांतील एक. लघवीचे प्रमाण, रंग, गोडी यांवरून केलेले ते वर्गीकरण होते. रोगाचे मूळ स्वादुपिंडातील पेशींत असते, ही कल्पना त्या ग्रंथांत असणे शक्यच नव्हते, कारण त्या पेशी पाहण्याचे साधन उपलब्ध नव्हते. म्हणून ‘बिवळा स्वादुपिंडाच्या पेशींना वाचवतो’ हे वाक्य प्राचीन नाही. ते विसाव्या शतकातले आहे, आणि त्याच्या जन्माची कथा भारतात सुरूही होत नाही.

४/
१८६९ मध्ये पॉल लँगरहॅन्स या तरुण जर्मन विद्यार्थ्याने स्वादुपिंडात विखुरलेले पेशींचे लहान लहान पुंजके नोंदवले. पुढे त्यांना ‘लँगरहॅन्सची बेटे’ हे नाव मिळाले. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि कुत्र्याला मधुमेह झाला. १९२१ मध्ये टोरंटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. बेटांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात, हे आता स्पष्ट झाले होते.

५/
परंतु वनस्पतींचा अभ्यास करू पाहणाऱ्यांपुढे एक अडचण कायम होती. प्रयोगासाठी मधुमेही प्राणी हवा असेल तर शस्त्रक्रिया करून त्याचे स्वादुपिंड काढावे लागे. अशा प्राण्याला कोणताही काढा द्या; त्याच्या बीटा पेशी वाचतात का, हा प्रश्न विचारताच येत नसे, कारण वाचवायला पेशीच उरलेल्या नसत. स्वादुपिंड जागेवर राहावे आणि केवळ बीटा पेशी नष्ट व्हाव्यात, अशी एखादी युक्ती हवी होती. ती सापडली, पण ती कोणी शोधत नव्हते.

६/
त्या युक्तीचे नाव अलॉक्सन. यूरिक आम्लावर नत्राम्लाची क्रिया करून इटालियन रसायनशास्त्रज्ञ ब्रुन्यातेल्ली यांनी १८१८ मध्ये हा पदार्थ प्रथम मिळवला. पुढे व्होलर आणि लिबिग या जर्मन जोडीने त्याचा सखोल अभ्यास करून १८३८ मध्ये त्याचे नामकरण केले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अलॉक्सनपासून म्युरेक्साइड हा जांभळा रंग बनवत आणि त्यासाठी लागणारे यूरिक आम्ल समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतून काढत. या रंगाची चलती थोडा काळ टिकली आणि अलॉक्सन पुन्हा प्रयोगशाळेच्या फडताळात गेले. ते बीटा पेशींचे विष आहे, हे शंभर वर्षांहून अधिक काळ कोणालाही ठाऊक नव्हते.

७/
मग दुसरे महायुद्ध आले. लंडनवर जर्मन विमानांनी केलेल्या बॉम्बवर्षावात अनेक माणसे ढिगाऱ्याखाली तासन्‌तास दबून राहिली. काहींना जिवंत बाहेर काढले, त्यांची प्रकृती सुधारतेय असे वाटले आणि काही दिवसांतच मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावली. बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘क्रश सिंड्रोम’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. चिरडलेल्या स्नायूंतून असे कोणते द्रव्य रक्तात उतरते, जे मूत्रपिंडाला मारते? युद्धकाळात हा प्रश्न अत्यंत निकडीचा होता.

८/
ग्लासगो विद्यापीठातील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन शॉ डन या प्रश्नामागे लागले. त्यांच्यासोबत एच. एल. शीहन आणि नॉर्मन मॅक्लेची होते. यूरिक आम्ल आणि त्याच्याशी नाते असलेली द्रव्ये सशांना टोचून मूत्रपिंडावर काय परिणाम होतो, हे ते पाहत होते. त्या द्रव्यांच्या रांगेत अलॉक्सनही होते. अलॉक्सन टोचलेल्या सशांची रक्तातील साखर भयंकर उतरली आणि काही ससे मेले. मूत्रपिंड पाहण्यासाठी आरंभलेल्या प्रयोगात संशोधकांनी स्वादुपिंडही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. लँगरहॅन्सची बेटे उद्ध्वस्त झालेली होती. आसपासचे स्वादुपिंड मात्र जवळपास धडधाकट होते.

९/
बीटा पेशी मरताना त्यांच्या पोटातले इन्सुलिन एकदम रक्तात सांडते, म्हणून प्रथम साखर धोकादायक रीतीने खाली येते. त्या टप्प्यातून जो प्राणी वाचतो, त्याची साखर नंतर कायमची वर जाते. त्याला मधुमेह होतो. १९४३ मध्ये ग्लासगोच्या गटाने हे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी डन व मॅक्लेची यांनी उंदरांतील अलॉक्सन-मधुमेहही नोंदवला. अमेरिकेतील प्रयोगशाळांनी ससे आणि कुत्रे यांच्यावर तेच दाखवले. डन १९४४ मध्ये निवर्तले. आपल्या शोधाची पुढची वाटचाल त्यांना पाहता आली नाही.

१०/
ही वाटचाल मोठी होती. एका इंजेक्शनने मधुमेही उंदीर तयार होऊ लागला. शस्त्रक्रियेचे कौशल्य नको, महागडी सामग्री नको. जगभरच्या आणि विशेषतः भारतातल्या औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळांना हे परवडणारे होते. मधुमेहावर सांगितलेल्या देशी वनस्पती एकामागून एक या कसोटीवर उतरू लागल्या. ‘ही वनस्पती बीटा पेशींना वाचवते का?’ हा प्रश्न विचारणे आता शक्य झाले. मात्र त्या प्रश्नात एक शब्द गृहीत धरलेला असे: कशापासून? उत्तर होते, अलॉक्सनपासून. पुढचा सगळा घोळ या गृहीतात आहे.

११/
अलॉक्सन बीटा पेशींनाच का मारते? त्याच्या रेणूचा आकार ग्लुकोजशी मिळताजुळता आहे. रक्तातील साखर किती आहे हे सतत जोखणे हे बीटा पेशीचे काम, म्हणून उंदरासारख्या प्राण्यांत तिच्या पृष्ठभागावर ग्लुकोज आत घेणारी रुंद दारे असतात. अलॉक्सन साखरेच्या वेशात त्याच दारांतून शिरते. आत गेल्यावर ते डायल्युरिक आम्लात बदलते, पुन्हा अलॉक्सन होते, पुन्हा डायल्युरिक आम्ल. या प्रत्येक फेऱ्यात ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाच्या सान्निध्यात अत्यंत विध्वंसक हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात. पेशी आतून जळते. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

१२/
१९४३ मध्ये यांपैकी काहीही माहीत नव्हते. सजीवांच्या शरीरात मुक्त मूलके महत्त्वाची असतात, ही कल्पनाच तेव्हा रूढ नव्हती. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्याचा संबंध मुक्त मूलकांशी जोडला, तेव्हा अनेकांनी ते मनावर घेतले नाही. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर दाखवून दिले. सुपरऑक्साइड निष्प्रभ करण्यासाठी शरीराने खास यंत्रणा बाळगली आहे, म्हणजे तो शत्रू खरा आहे, हे मग मान्य करावेच लागले. अलॉक्सनचे कोडे उलगडण्याची वाट येथून मोकळी झाली.

१३/
दुसरा धागा पेशीच्या संरक्षणाचा. १९८१ मध्ये स्वीडनमधील ग्रँकव्हिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान उंदरांच्या बेटांतील संरक्षक विकरे मोजली. १९९६ मध्ये जर्मनीत लेंझेन यांच्या गटाने त्या विकरांच्या जनुकांची क्रियाशीलता तपासली. हायड्रोजन पेरॉक्साइड नष्ट करणारे कॅटॅलेज बेटांत जवळजवळ आढळतच नव्हते आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजही यकृताच्या तुलनेत फारच थोडे होते. इन्सुलिन स्रवण्याचा इशारा म्हणून बीटा पेशी अल्प हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपयोग करते, म्हणून तिने मुद्दामच पहारा सैल ठेवला असावा, असेही मत मांडले गेले आहे. कारण काहीही असो, ऑक्सिडेटिव्ह ताणापुढे ही पेशी शरीरातील दुबळ्या पेशींपैकी एक ठरली.

१४/
आता या कथेतील सर्वांत महत्त्वाचा आकडा. शरीराच्या तापमानाला आणि रक्ताच्या सामूला अलॉक्सनचे अर्धे प्रमाण नष्ट होण्यास सुमारे दीड मिनिट लागते. इंजेक्शननंतर काही मिनिटांतच विष रक्तातून नाहीसे होते. उरतो तो त्याने केलेला घाव. म्हणजे एखादे द्रव्य बीटा पेशींना अलॉक्सनपासून वाचवणार असेल, तर ते त्या काही मिनिटांत तेथे हजर हवे. आधी दिलेले औषध ढाल होऊ शकते. नंतर दिलेल्या औषधाला अडवण्यासारखे काही उरत नाही. त्याने करायचे काम वेगळेच आणि कितीतरी अवघड असते: मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी उगवणे.

१५/
ढालीची उदाहरणे विपुल आहेत आणि त्यांतली काही चमत्कारिक आहेत. अलॉक्सनच्या आधी भरपूर ग्लुकोज दिले, तर बीटा पेशी वाचतात. अमेरिकेतील हायकिला, कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दाखवले, की लहान उंदरांना आधी मद्यार्क किंवा ब्युटेनॉल दिले तर अलॉक्सनने मधुमेह होत नाही, कारण ही द्रव्ये हायड्रॉक्सिल मूलकांना टिपतात. १९८१ मध्ये ग्रँकव्हिस्ट यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये सुपरऑक्साइड डिसम्युटेजची प्रतिबंधक शक्ती सिद्ध केली. मधुमेहावर साखर खावी किंवा दारू प्यावी, असा अर्थ कोणीही शहाण्या माणसाने यातून काढला नाही. वनस्पतींच्या बाबतीत मात्र हाच विवेक अनेकदा सुटला.

१६/
याच सुमारास वाराणसीचा प्रवेश होतो. बनारस हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेत बी. के. चक्रवर्ती, सरोज गुप्ता, एस. एस. गंभीर आणि के. डी. गोडे यांचा गट बिवळ्यावर काम करत होता. त्यांनी झाडाच्या सालीतून फ्लेव्होनॉइड वर्गातील द्रव्ये वेगळी केली आणि अलॉक्सन दिलेल्या उंदरांवर ती वापरली. १९८० मध्ये भारतीय औषधशास्त्राच्या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष मांडला: बीटा पेशींचे पुनरुज्जीवन, मधुमेहविरोधाची एक नवी यंत्रणा. सालीतील प्रभावी द्रव्य म्हणून त्यांनी एपिकॅटेचिनचे नाव पुढे केले आणि १९८१ मध्ये ही वार्ता ‘द लॅन्सेट’मध्ये झळकली.

१७/
एपिकॅटेचिन हे नाव परके वाटले तरी त्याचे मूळ घरातल्या पानाच्या डब्यात आहे. खैराच्या लाकडापासून काढलेल्या काताला युरोपात ‘कॅटेचू’ म्हणत; त्यातून वेगळ्या केलेल्या द्रव्याला ‘कॅटेचिन’ म्हटले गेले. त्याचेच भावंड एपिकॅटेचिन. ते चहात आहे, कोकोत आहे, अनेक झाडांच्या सालींत आहे. या रेणूत अशी जागा असते, की ती मुक्त मूलकाला स्वतःकडचा हायड्रोजन देऊन शांत करते. म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताणाविरुद्ध ढाल म्हणून त्याची योग्यता रसायनशास्त्रालाही पटण्याजोगी होती.

१८/
वाराणसीच्या गटाचे दोन दावे वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला प्रतिबंधाचा: आधी एपिकॅटेचिन द्या, मग अलॉक्सन, उंदराला मधुमेह होत नाही. हा निबंध १९८१ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. दुसरा पुनरुज्जीवनाचा: आधी अलॉक्सन द्या, मधुमेह होऊ द्या, मग एपिकॅटेचिन, बीटा पेशी पुन्हा वाढतात. पहिला दावा मुक्त मूलकांच्या रसायनशास्त्रात चपखल बसत होता. दुसरा खरा ठरला असता, तर मधुमेहाच्या इतिहासात इन्सुलिननंतरची सर्वांत मोठी घटना घडली असती. साहजिकच जगभरच्या प्रयोगशाळांनी दुसऱ्याकडे लक्ष वळवले.

१९/
पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, ‘द लॅन्सेट’मध्येच जर्मनीतील कोल्ब आणि सहकाऱ्यांचे उत्तर आले. एपिकॅटेचिनचा मधुमेहविरोधी परिणाम त्यांना आढळला नव्हता. १९८५ मध्ये ब्रिटनमधील बोन, हॉवेल आणि सहकाऱ्यांनी दोन प्रकारच्या उंदरांवर ते तपासले: एक स्ट्रेप्टोझोटोसिन या दुसऱ्या विषाने मधुमेही केलेले, आणि दुसरे ‘बीबी’ जातीचे, ज्यांना माणसाच्या टाइप १ मधुमेहाप्रमाणे स्वतःच्याच रोगप्रतिकारक यंत्रणेच्या हल्ल्यामुळे आपोआप मधुमेह होतो. एपिकॅटेचिनने जडलेला मधुमेह मागे फिरला नाही. बीबी उंदरांतील रोगाची वाटचालही थांबली नाही.

२०/
मग वाराणसीत जे दिसले, ते काय होते? येथे घाईने कोणावर ठपका ठेवणे इतिहासाला शोभणार नाही. अलॉक्सनची कसोटीच चंचल आहे. मात्रा थोडी कमी पडली, प्राणी उपाशी नसला, वय कमी असले, की काही बीटा पेशी वाचतात. आणि उंदरांच्या बेटांत नव्या पेशी निर्माण करण्याची क्षमता माणसापेक्षा बरीच अधिक असते. अलॉक्सन दिलेले काही प्राणी कोणत्याही औषधाविना आपोआप बरे होतात. अशा वेळी औषधाने बरे झालेले प्राणी आणि आपसूक बरे झालेले प्राणी यांतील सीमारेषा आखणे कठीण असते. म्हणूनच एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरीने पडताळून पाहण्याची प्रथा आहे.

२१/
पुनरुज्जीवनाचा दावा असा डळमळला. संरक्षणाचा मात्र टिकला. २००३ मध्ये कोरियातील संशोधकांनी दाखवले, की एपिकॅटेचिन स्ट्रेप्टोझोटोसिनच्या विषारी परिणामांपासून उंदरांच्या बेटांचे रक्षण करते, जिवंत प्राण्यातही आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या बेटांतही. आज वनस्पतींच्या अर्कांवरचे असे निबंध मोठ्या संख्येने प्रसिद्ध होतात. त्यांतील बहुतेकांचा गाभा हाच असतो: विष येण्याआधी किंवा विषासोबत अर्क दिला, तर अधिक पेशी जगतात. निष्कर्ष खरा असतो. लोकांपर्यंत पोहोचताना त्यातला ‘आधी’ हा शब्द गळून पडतो.

२२/
आणखी एक शब्द गळतो: ‘साल’. वाराणसीचे एपिकॅटेचिन सालीतून आले होते. पेला बनतो तो खोडाच्या गाभ्यातील लाकडापासून. गाभ्याचे रसायन निराळे आहे. १९९७ मध्ये भारतीय संशोधकांनी गाभ्यातून मार्सुप्सिन, टेरोसुपिन आणि टेरोस्टिलबीन ही द्रव्ये वेगळी करून तपासली आणि त्यांतील मार्सुप्सिन व टेरोस्टिलबीन यांनी मधुमेही उंदरांची साखर उतरवली. हा स्वतंत्र आणि लक्षणीय निष्कर्ष आहे. परंतु सालीवरचा प्रयोग दाखवून गाभ्याचा पेला विकणे म्हणजे एका झाडाच्या दोन अवयवांना एकच औषध समजणे होय.

२३/
माणसांवर काय दिसले? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत विजयसारची चाचणी घेतली. ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्याने निदान झालेल्या, इन्सुलिनवर अवलंबून नसलेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची, म्हणजे ६९ टक्क्यांची साखर बारा आठवड्यांत नियंत्रणात आली. आकडा आश्वासक आहे. मात्र ही खुली चाचणी होती. आपण काय घेत आहोत हे रुग्णाला आणि वैद्याला ठाऊक होते. शिवाय निदान झाल्यावर माणूस आहारही सुधारतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे येथे मोजली गेली ती रक्तातील साखर. बीटा पेशी वाचल्या की वाढल्या, हे या चाचणीने विचारलेलेच नव्हते.

२४/
यापुढचा धक्का अधिक मूलभूत होता. १९९४ मध्ये आयझिरिक आणि सहकाऱ्यांनी माणसाची, उंदराची आणि लहान उंदराची बेटे शेजारी शेजारी ठेवून त्यांवर तीच विषे वापरली. उंदरांच्या बेटांना उद्ध्वस्त करणाऱ्या अलॉक्सन आणि स्ट्रेप्टोझोटोसिनच्या मात्रांना मानवी बेटांनी दाद दिली नाही. साखरेच्या वेशातील विषासाठी उंदराच्या पेशीत जी दारे सताड उघडी असतात, ती माणसाच्या पेशीत फारशी नसतात. चार-पाच दशके ज्या शत्रूपासून वनस्पती बीटा पेशींना वाचवत होत्या, तो शत्रू माणसाच्या बीटा पेशींचा मुळी शत्रूच नव्हता.

२५/
म्हणून हे सारे संशोधन व्यर्थ गेले, असे म्हणणेही चूक ठरेल. अलॉक्सनने शिकवलेली मुख्य गोष्ट, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताणापुढील बीटा पेशीचे दुबळेपण, पुढे फार उपयोगी पडली. १९९९ मध्ये अमेरिकेतील रॉबर्टसन यांच्या गटाने दाखवले, की दीर्घकाळ चढलेली साखर हीच बीटा पेशींना या ताणाने जर्जर करते आणि प्रतिऑक्सिडीकारक द्रव्यांनी मधुमेही उंदरांत ती हानी रोखता येते. येथे विष दीड मिनिटाचे राहत नाही. ते वर्षानुवर्षे रक्तात असते, आणि म्हणूनच ढालीलाही अर्थ उरतो.

२६/
अर्थ उरतो, पण खात्री नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांवरच्या चाचणीचा निकाल आला. त्यांपैकी निम्म्यांना सरासरी बारा वर्षे दिवसाआड ५० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन हे प्रतिऑक्सिडीकारक द्रव्य देण्यात आले होते. टाइप २ मधुमेह होण्याचे प्रमाण त्याने घटले नाही. बशीतील पेशी, पिंजऱ्यातील उंदीर आणि बारा वर्षे जगणारा माणूस यांच्यात मोठे अंतर आहे. ते अंतर प्रत्येक द्रव्याला स्वतंत्रपणे पार करावे लागते. एपिकॅटेचिनलाही त्यातून सूट नाही.

२७/
हा वाद केवळ प्रयोगशाळांचा असता, तर तो अभ्यासकांवर सोडता आला असता. पण ‘मेलेल्या पेशी जिवंत होतात’ हे वाक्य ऐकणाऱ्यांत टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांचे आईवडीलही असतात. रोज टोचावी लागणारी सुई थांबेल, ही आशा त्यांच्यासाठी किती मोठी असते, हे सांगायला नको. अशा मुलाचे इन्सुलिन बंद झाले, तर काही दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, रक्त आम्लधर्मी होऊन प्राणावर बेतते. १९८५ मध्ये बीबी उंदरांत जे घडले नव्हते, त्याच्या भरवशावर हा धोका पत्करला जातो.

२८/
किंमत झाडही मोजते. गाभ्याचे लाकूड पक्व होण्यास दशके लागतात आणि ते मिळवायचे तर झाड तोडावेच लागते. साल अंदाधुंद सोलली तर उभे झाड सुकते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत बिवळा आज संकटसमीप वर्गात आहे. ज्या जंगलांतून प्राचीन वैद्यांनी तो निवडला, त्याच जंगलांत त्याचे मोठे वृक्ष विरळ होत चालले आहेत.

२९/
या इतिहासात खलनायक नाही. ग्लासगोचे संशोधक ढिगाऱ्याखालच्या माणसांना वाचवू पाहत होते. वाराणसीच्या संशोधकांनी देशी झाडाला आधुनिक कसोटीवर आणले, प्रभावी द्रव्याचे नाव सांगितले आणि आपला दावा इतरांना तपासता येईल अशा रीतीने मांडला. कोल्ब, बोन आणि इतरांनी तो तपासला. हेच अपेक्षित होते. चूक झाली ती नंतर, निबंधांतून बाजारात उतरताना. १९८१ चा पुनरुज्जीवनाचा निष्कर्ष पेल्यासोबत पुढे गेला. १९८२ आणि १९८५ चे मागे राहिले.

३०/
म्हणून कोणत्याही वनस्पतीने ‘स्वादुपिंडाच्या पेशी वाचवल्या’ असे वाचनात आले, की चार प्रश्न विचारावेत. कशापासून वाचवल्या? औषध विषाच्या आधी दिले की नंतर? झाडाचा कोणता अवयव वापरला? आणि त्या पेशी कोणाच्या होत्या? बिवळ्याच्या पेल्यातील पाणी रात्रभरात तांबूस होते, त्यावर निळी झाक येते, हे डोळ्यांना दिसणारे सत्य आहे. त्या पाण्याने माणसाच्या मेलेल्या बीटा पेशी उठतात, हे मात्र आजवर कोणत्याही प्रयोगाने दाखवलेले नाही. पेला हवा तर ठेवावा. इन्सुलिन आणि गोळ्या मात्र वैद्यकीय सल्ल्याविना बंद करू नयेत.